नटवर्यांनी लाथाडलेली भूमिका

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गेल्या अंकात नटवर्यांवर तीन लेख आले. तिन्ही लेखकांनी एकच प्रसंग सांगितला आहे: अमेरिकन टीव्हीवरची चालून आलेली भूमिका नटवर्यांनी लाथाडली, कारण तिच्यात भारतीय माणसाची टिंगल होती. एका लेखकाने तर त्यांनी निर्मात्याच्या टेबलावर स्क्रिप्ट आपटल्याचंही लिहिलं आहे. हा लेखक त्या काळात नागपूरला शाळेत होता.

ही गोष्ट पहिल्यांदा मी सांगितली. मंडळाचा अध्यक्ष या नात्याने, माइकवरून, भरलेल्या सभागृहात. ती खरी नव्हती. टेबल, आपटणं वगैरे पुढे लोकांनी घातलं, पण पाया माझा. आता नटवर्य गेले. माझंही वय झालं. परवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद केली. तेव्हा जे झालं ते नीट लिहून ठेवावं म्हणून बसलो आहे. संपादकांनी काटछाट करू नये, ही विनंती.

नटवर्य हे नाव मंडळाने त्यांना दिलेलं. आधी चेष्टेने, मग सवयीने, आणि ते गेल्यावर एकदम आदराने. शिक्षणाने ते सिव्हिल इंजिनिअर. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामात पाइप आणि पंप सांभाळत त्यांची उमेदीची वर्षं गेली. पत्नी लवकर गेली, एकच मुलगी. पन्नाशीत नोकरी सुटली तेव्हा सगळ्यांना वाटलं, हा माणूस आता मुलीमागे जेवणाचा डबा घेऊन धावण्यात म्हातारा होणार. पण त्याच सुमारास एटोबिकोतल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एका अमेरिकन मालिकेचं शूटिंग लागलं. बस स्टॉपवर उभं राहायला ठरलेला माणूस आला नव्हता. नटवर्य दूध घेऊन परत येत होते. एका मुलीने त्यांना हाताला धरून स्टॉपवर उभं केलं आणि सांगितलं, "जस्ट स्टँड देअर, सर." ते तिथे जे उभे राहिले, ते जवळजवळ तीस वर्षं उभेच होते.

इथे, अमेरिकेच्या सीमेअलीकडे, शूट होणाऱ्या अमेरिकन मालिकांत गोष्ट न्यूयॉर्कची असते आणि रस्ता आपला. त्यासाठी पिवळ्या टॅक्सी आणतात, पाट्या बदलतात, आणि सकाळी माणसं येऊन फुटपाथवर कचरा टाकतात. शूटिंग संपलं की तीच माणसं तो उचलतात. नटवर्यांना याचं फार कौतुक. "अध्यक्ष," ते मला म्हणत, (मी अध्यक्षपद सोडल्यावरही ते मला याच नावाने हाक मारत), "अमेरिका व्हायला आपल्याला फक्त थोडा कचरा कमी पडतो बघा."

बस स्टॉपवरून ते हळूहळू पुढे सरकले. टॅक्सीवाला झाले. पेशंटच्या बायकोला वाईट बातमी देणारे डॉक्टर झाले. एकदा न्यायाधीश झाले, पण त्या भागात वकील इतके बोलले की न्यायाधीशाला वेळच मिळाला नाही. सगळ्यांत जास्त वेळा ते दुकानदार झाले, आणि दुकानदार झाले की दरोडा पडे आणि ते मरत.

या मरण्याची तालीम आमच्या बेसमेंटमध्ये चाले. त्यांच्या घरी लाकडी फरशी होती, आमच्याकडे कार्पेट. ते काउंटरच्या मागे उभे राहत (काउंटर म्हणजे आमचं इस्त्रीचं टेबल), मी बोटाचं पिस्तूल करून गोळी घाली आणि ते पडत. मग उठून विचारत, "कसं वाटलं?" मी म्हणे, चांगलं. "चांगलं म्हणजे काय? हा माणूस मरताना गल्ल्याकडे बघेल का दाराकडे?" मला काय कळणार! ते पुन्हा पडत. एकदा माझी बायको चहा घेऊन खाली आली तेव्हा नटवर्य डोळे उघडे ठेवून निपचित पडले होते. तिने कप टेबलावर ठेवला. जमिनीवरून आवाज आला, "वहिनी, साखर कमीच घातलीत ना?"

"मेलेल्या माणसाला साखरेचं काय करायचंय?" ती म्हणाली आणि वर निघून गेली.

त्यांच्या बहुतेक भूमिकांना नाव नसे. श्रेयनामावलीत 'टॅक्सीवाला', 'दुसरा डॉक्टर' एवढंच यायचं. नटवर्यांना ते चालत नसे. ते स्वतःच त्या माणसाला नाव द्यायचे, गाव द्यायचे, घरची माणसं द्यायचे. टॅक्सीवाला संगमनेरचा होता, त्याला मधुमेह होता आणि धाकट्या भावाशी त्याचं बोलणं बंद होतं. "मग मागे बसलेल्या हिरॉइनने 'फास्टर' म्हटलं तर हा लगेच मान वळवेल का? नाही वळवणार. रात्रपाळी झालीये त्याची." हे त्यांनी सेटवर दिग्दर्शकाच्या मदतनिसालाही समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, तुम्ही फक्त गाडी चालवा." गाडी तेही चालवत नव्हते. ती एका ट्रकला बांधून ओढत होते. खरं तर नटवर्य बर्फात हायवेवर गाडी घालायला कायम घाबरत. टीव्हीवर मात्र त्यांनी निम्मं न्यूयॉर्क पोचवलं.

भाग लागायचा त्या दिवशी आम्ही सगळे टीव्हीसमोर जमायचो. ते स्वतःच्या घरी कधी बघत नसत, आमच्याकडे येत. बऱ्याचदा त्यांचा प्रसंग कापलेला असे. मग ते उभे राहून जे कापलं ते करून दाखवत आणि मूळ मालिका तेवढा वेळ त्यांच्या पाठीमागे चालू राही. एकदा फक्त खांदा आला होता. त्यांनी टेप थांबवायला लावली, टीव्हीपाशी जाऊन बोट ठेवलं आणि सांगितलं, "हा." आम्ही खांद्याकडे बघितलं. "थकलाय की नाही?" त्यांनी विचारलं. आता सांगायला हरकत नाही, तो खांदा खरंच थकलेला वाटत होता.

मंडळाच्या नाटकांत अर्थातच ते नायक आणि मी विंगेतला प्रॉम्प्टर. त्यांना प्रॉम्प्टिंग कधी लागलं नाही. पण मधेच, चांगल्या रंगलेल्या प्रवेशात, ते वाक्य सोडून गप्प उभे राहत. मी घाबरून पुढचं वाक्य कुजबुजे. ते गप्पच. मी आवाज वाढवे. तिसऱ्या रांगेपर्यंत माझा आवाज गेला की ते सावकाश वाक्य घेत. नंतर मी भांडायला गेलो की म्हणत, "अध्यक्ष, तुम्ही किती जीव तोडून सांगता हो! ऐकत राहावंसं वाटतं."

आता त्या भूमिकेकडे येतो.

ती एका विनोदी मालिकेत होती. अमेरिकेतल्या एका लहान गावातलं मोटेल आणि त्याचा भारतीय मालक. एका भागापुरता नव्हे, दर आठवड्याला. नटवर्य आमच्याकडे आले ते बर्फाचे बूट दाराशी न काढताच आत आले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हातात स्क्रिप्ट. "नाव आहे," ते म्हणाले. "अध्यक्ष, याला त्यांनीच नाव दिलंय. माझ्यासाठी करण्यासारखं काही ठेवलेलंच नाही." आणि लहान मुलासारखे हसले. निवडीच्या दोन फेऱ्या पार झाल्या होत्या. आता सगळ्या नटांबरोबर बसून एकदा वाचन करायचं, ते झालं की सही.

आम्ही बेसमेंटमध्ये बसलो. गिऱ्हाइकांची वाक्यं मी वाचत होतो, मालकाची ते. कागदावरच उच्चार लिहिलेले होते: कुठे जीभ जड करायची, कुठे मान हलवायची. नटवर्य ते सगळं करत होते. मला आधी हसू आलं. मग पाहिलं तर माझा मुलगा जिन्यात उभा होता. तेव्हा तो नववीत होता.

"डॅड," तो म्हणाला, "इज काका सिरियसली गोइंग टू टॉक लाइक दॅट? ऑन टीव्ही?"

नटवर्यांनी त्याला खाली बोलावलं, पण तो आला नाही. वर त्याच्या खोलीचं दार आपटल्याचं ऐकू आलं.

मी म्हणालो, "तुमचं नाव होईल हो, पण दुसऱ्या दिवशी शाळेत ते याला ऐकावं लागेल."

"अध्यक्ष, हा माणूस पहाटे उठून लोकांच्या चादरी बदलतो. त्याला मी हास्यास्पद नाही करणार."

"आणि हे बोलणं?"

"बोलणं त्यांचं, माणूस माझा."

"लोकांना बोलणंच ऐकू येतं," मी म्हणालो. वाक्य मला आवडलं, म्हणून मी ते पुन्हा एकदा म्हणालो.

त्यांनी स्क्रिप्टची गुंडाळी करून कोटाच्या खिशात घातली आणि दारापाशी जाऊन आपल्या बुटांनी झालेलं पाणी पुसायला फडकं मागितलं.

वाचनाला त्यांना मीच घेऊन गेलो. सकाळपासून बर्फ पडत होता. मी बाहेर गाडीत बसलो. ते परत आले, पट्टा लावला आणि म्हणाले, "चला."

"काय झालं?"

"मी त्याला माझ्यासारखा बोलायला लावला. मी बोलतो तसा. पहिलं पान झाल्यावर एक बाई म्हणाल्या, 'छान. आता थोडं जास्त इंडियन करता येईल?' मी म्हटलं, बाई, याहून जास्त मी स्वतःसुद्धा नाही. सगळे हसले. मग त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, मी पुन्हा तसंच वाचलं. मग कुणी हसलं नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "मी पुरेसा भारतीय नाही असं ठरलं, अध्यक्ष. आईला कळवायला हवं."

म्हणजे, वाचकहो, त्यांनी काही लाथाडलं नाही. त्यांनी ती भूमिका स्वतःच्या पद्धतीने करून पाहिली आणि ती त्यांना मिळाली नाही. एवढंच.

मग मी माइकवरून तसं का सांगितलं? लोकांना वाटतं, मला त्यांचा अभिमान वाटला. अभिमानाचा काही संबंध नव्हता. कारण फार साधं होतं: शाल उरली होती.

त्या आठवड्यात मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता, मिसिसागातल्या एका शाळेच्या सभागृहात. पुण्याहून एक विद्वान प्रमुख पाहुणे यायचे होते. वादळामुळे त्यांचं विमान भलत्याच शहरात उतरलं. सभागृह भरलं होतं, तिळगूळ वाटून झाला होता, शाल आणि नारळ स्टेजवर तबकात तयार होते, आणि सत्काराला माणूस नव्हता. सेक्रेटरी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अध्यक्ष, काहीतरी करा. हॉल साडेनऊला सोडायचाय, आणि ही शाल परत घेत नाहीत." मी समोर पाहिलं. पहिल्या रांगेत नटवर्य बसले होते, मुलीशी काहीतरी बोलत.

मी माइक हातात घेतला. पहिलं वाक्य बोलेपर्यंत मला दुसरं माहीत नव्हतं. पण एकदा सुरुवात झाल्यावर ते आपोआप येत गेलं. आपल्यात एक असा कलावंत आहे, मी म्हणालो, की ज्याने आपल्या मुलाबाळांना मान खाली घालावी लागू नये म्हणून अमेरिकेतली प्रसिद्धी नाकारली. टाळ्या सुरू झाल्या. माझा मुलगा मागे उभा होता; त्यानेही वाजवल्या. टाळ्या वाढल्यावर मीही वाढलो. "लाथाडली" हा शब्द माझाच.

नटवर्य जागेवरच बसून माझ्याकडे बघत होते. क्षणभर मला वाटलं, आता हे उठून "असं काही झालं नाही" म्हणणार. ते उठले, स्टेजवर आले, शाल घेतली, आणि माइकपाशी जाऊन हात जोडून म्हणाले, "मी विशेष काही केलेलं नाही." ही शब्दशः खरी गोष्ट होती. लोक उभे राहिले.

दोनच दिवसांनी त्यांचा फोन आला.

"अध्यक्ष, त्या लोकांचा फोन होता. ज्याला घेतलं त्याचं काही जमत नाहीये. म्हणतात, पुन्हा एकदा येऊन बघा. आम्हाला हवं तसं करणार असाल तर."

"मग?"

"तेच तुम्हाला विचारतोय."

यापुढचं मी मंडळातल्या कुणालाही कधी सांगितलं नाही. माहीत होतं ते फक्त माझ्या बायकोला. मी म्हणालो, "अहो, परवा सगळ्यांसमोर शाल घेतलीत. आता तिथे जाऊन मान हलवायला लागलात तर मंडळाचं काय राहील? माझं काय राहील?"

मग ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि फोन ठेवला.

मालिका आली आणि वर्षानुवर्षं चालली. मोटेलवाल्याचं काम एका देखण्या तरुणाने केलं. तो इथेच जन्मलेला. भारत त्याने पाहिलेला नव्हता, आणि उच्चार शिकवायला त्याला शिक्षक ठेवला होता म्हणे. लोकांना तो फार आवडला. माझा मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला आहे. गेल्या ख्रिसमसच्या सुट्टीत तो आपल्या मुलीला त्या मालिकेचे जुने भाग दाखवत होता. मोटेलवाल्याने मान हलवली की दोघं सोफ्यावर लोळत होती. मी म्हणालो, "अरे, तुला तर याची लाज वाटायची." तो म्हणाला, "नो वे, डॅड. धिस इज अ क्लासिक."

तर माझ्यामुळे गेलेली भूमिका ही अशी.

पुढच्या हिवाळ्यापासून मी नटवर्यांचा ड्रायव्हर झालो. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात युनिव्हर्सिटीत गेली आणि बर्फात त्यांना ऑडिशनला न्यायला कुणी उरलं नाही. मी रजा टाकून नेई; निवृत्त झाल्यावर तर निमित्तही लागलं नाही. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. फोनवर ते म्हणत, "मंगळवारी सकाळी जरा स्टुडिओकडे जायचं होतं. पण तुम्हाला कशाला उगाच... मी बघतो बसचं." आणि थांबत. त्या थांबण्यात मी "छे छे, मी आहे ना" म्हटलं नाही, असं एकदाही झालं नाही.

गाडीत बसले की ते खिडकीकडे तोंड करत. हायवेवर एका ठिकाणी त्या मालिकेचा मोठा फलक होता. तो आला की ते म्हणत, "फोटो छान आलाय मुलाचा." नंतर स्टुडिओ येईपर्यंत एक शब्द नाही. फक्त एक सुस्कारा. तोही मोठा नाही, काचेवर थोडी वाफ धरेल एवढाच. परत येताना मी कॉफी घेऊन देई. ते कप दोन्ही हातांत धरून बसत आणि म्हणत, "तुम्ही किती करता हो माझ्यासाठी." फलक पुढे काढला, मालिका संपली, स्टुडिओच्या जागी कॉन्डोंच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. सुस्कारा मात्र त्याच वळणावर यायचा.

माझ्या बायकोला हे पटत नसे. "किती वर्षं नेणार आहात त्यांना?" ती विचारी.

"माझ्यामुळे गेलं गं त्यांचं."

"माझ्याशी फोनवर बोलताना आवाज चांगला खणखणीत असतो त्यांचा. लोणच्याला मीठ कमी पडलंय, इथपर्यंत सांगतात. तुम्ही फोन घेतलात की मग खोल जातो."

मी तिला म्हणालो, तुला माणसाचं दुःख कळत नाही. ती म्हणाली, असेल.

शेवटच्या वर्षी ते फारसे बाहेर पडत नव्हते. मी भेटायला गेलो की उठून बसत. एकदा मी ठरवून गेलो होतो, की आज माफी मागायची. विषय काढला. "नटवर्य, तेव्हा मी तुम्हाला जाऊ द्यायला हवं होतं." त्यांनी डोळे मिटले, माझ्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली, नको, त्यावर बोलायला नको, अशी. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलो, हेही लिहून टाकतो.

त्यांच्या शोकसभेत पाच वक्ते बोलले आणि पाचही जण भूमिका लाथाडल्याचं बोलले. मला बोलायला लावलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. लोकांना वाटलं, दुःख. मग अंक आला, त्यात ते तीन लेख. तेव्हा ठरवलं की खरं लिहायचं. पण त्याआधी त्यांच्या मुलीला सांगणं भाग होतं. ती व्हिटबीला असते, हायस्कूलमध्ये शिकवते. बापाच्या स्वाभिमानाची गोष्ट ती इतकी वर्षं ऐकत आली. तिला हे छापून आल्यावर कळणं बरं नव्हतं.

मी फोन केला आणि सगळं सांगितलं. शाल उरली होती इथपासून, त्यांचा फोन आला आणि मी नाही म्हणालो, इथपर्यंत. "बेटा, त्यांना तिथे पुन्हा जायचं होतं. त्यांनी मला विचारलं, आणि मी अडवलं. ती भूमिका माझ्यामुळे गेली."

पलीकडून काही ऐकू येईना. मला वाटलं, रडते आहे. मग कळलं की तिने फोन लांब धरला आहे, आणि ती हसते आहे.

"काका, सॉरी. सॉरी. काका, बाबा गेले होते."

"कुठे?"

"सेकंड ऑडिशनला. मीच ड्राइव्ह केलं. माझं नवीन लायसन्स होतं. इतका स्नो होता, बाबा दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते."

"अगं, पण मी त्यांना नको म्हटलं होतं."

"हो ना. तुमचा फोन ठेवला आणि मला म्हणाले, चल, बूट घाल."

"मग?"

"मग काय. त्यांना हवा तसा ॲक्सेंट केला. फुल. दार बंद होतं तरी मला कॉरिडॉरमध्ये ऐकू येत होतं. रिसेप्शनवरची बाई माझ्याकडे बघून हसली. आय वॉन्टेड टू डाय, काका."

"आणि?"

"नाही घेतलं. म्हणाले, टू मच."

ती आता हसत नव्हती.

"गाडीत येऊन सीट बेल्ट लावला. मग म्हणाले, काकांना सांगू नकोस. मी म्हटलं, व्हाय नॉट? तर म्हणाले, 'अध्यक्षांनी अडवलं म्हणून राहिलं, एवढं मला राहू दे. मला जमलं नाही, हे मला एकट्याला माहीत असलेलं पुरे.'"

मी म्हणालो, "आणि इतकी वर्षं मी त्यांना गाडीतून..."

"आय नो. मी त्यांच्याशी भांडायचे यावरून. बाबा, धिस इज नॉट ओके, काका खरंच स्वतःला ब्लेम करतात. तर म्हणायचे, 'अगं, त्यांनाही बरं असतं. नाहीतर निवृत्त झाल्यावर त्यांना घराबाहेर कोण काढणार होतं?'"

हे मात्र खरं होतं, आणि त्यामुळे मला जास्तच राग आला. मी विचारलं, मग आता हे लिहू का नको? लाथाडल्याची गोष्ट खोटी, अडवल्याचीही खोटी. दोन्ही काढून घेतल्यावर त्यांच्यासाठी उरणार काय?

ती म्हणाली, "लिहा, काका. शेवटी शेवटी ते म्हणायचे, एवढं काम केलं पण अख्खा सीन कधी कुणी धड पाहिला नाही. तुम्ही पाहिलाय."

तेव्हा नोंद अशी: नटवर्यांनी ती भूमिका लाथाडली नाही. मीही त्यांना अडवलं नाही. मी फक्त तसा प्रयत्न केला होता. ते गेले, त्यांनी जे मागितलं ते दिलं आणि त्यांना नाकारण्यात आलं.

फोन ठेवल्यावर दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. बायकोने एकदाही "मी म्हणत नव्हते?" असं म्हटलं नाही, त्यावरून तिला किती आनंद झाला असेल याची कल्पना आली. मग हळूहळू मी ते सगळे हिवाळे पुन्हा आठवायला लागलो. खिडकीकडे वळणारी मान. फोनवरचं ते थांबणं. कपाभोवतीचे हात, आणि शेवटच्या भेटीत माझ्या हातावर ठेवलेला हात. इतकी वर्षं, इतक्या जवळून, एकाच माणसासमोर. मी चूक शोधत होतो. कुठे तरी पकडता येईल अशी जागा, एखादा लांबलेला सुस्कारा, एखादं वाक्य लवकर आलेलं. सापडली नाही. त्यात कधी काही कमी पडलं नव्हतं, आणि एकदाही जास्त झालं नव्हतं.